अंबाजीअप्पांचा उपास आणि मी

मित्रांनो, कलबुर्गीतील एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर उभा असलेला, वयाने बराच पुढे गेलेला मी एक पेट स्कॅनर आहे. दखनी बोलीत पेट म्हणजे पोट, म्हणून ती बोलणारी माणसे नाव ऐकून मला पोट तपासणारे यंत्र समजतात. मी रागावत नाही.

उमेदीची वर्षे मी हैदराबादेत काढली. तिथे नवे यंत्र आले आणि मला मालमोटारीत घालून इकडे आणले. आपले दिवस सरले, असे वाटून मी खिन्न झालो होतो. पण इथे दाराला तोरण बांधलेले होते आणि कुणीतरी मला हळदकुंकू वाहिले.

माझे काम विलक्षण आहे. रुग्णाच्या शिरेत किंचित किरणोत्सारी साखर सोडतात. शरीरातील जो भाग अधिक भुकेला, तो ती अधिक घेतो आणि मला उजळलेला दिसतो. गाठ केवढी आहे, हे इतर यंत्रेही सांगतात. ती अजून जिवंत आहे का, हे मी सांगतो. माझ्या चित्रांत चेहरे दिसत नाहीत. माणसांच्या आतले दिवे तेवढे दिसतात.

गेल्या हिवाळ्यात निंबर्ग्याचे शेतकरी अंबाजी लेक ज्योतीबरोबर दुसऱ्यांदा आले. त्यांच्या यकृतातील कर्करोगाची गाठ पहिल्या वेळी मला निखाऱ्यासारखी दिसली होती. त्यानंतर डॉक्टर सुकन्या यांनी रक्तवाहिनीतून थेट गाठीत औषध सोडले होते. आता गाठ विझली असेल तर नुसती देखरेख, नसेल तर पुन्हा उपचार, हे माझ्या चित्रावरून ठरायचे होते.

साखर सोडण्याआधी तंत्रज्ञ नेत्रावतीने त्यांच्या बोटातले रक्त तपासले आणि रक्तातली साखर वाढलेली पाहून ती थबकली.

"अप्पा, काय खाल्लंय?"

"काय न्हाई अक्का. कडक उपास हाय. साबुदाण्याची खिचडी, केळी अन् कपभर दूध, बस."

"अवो, उपाशी या म्हणलं होतं! उपास करून नव्हं!"

"अप्पा, तुमाला नीट ऐकायला काय झालतं?" ज्योती चिडली.

"अन् खिचडी कुणी केली? तूच की!"

ज्योतीने जीभ चावली. नेत्रावतीला हसू आवरेना. अंबाजी मात्र अजीजीने म्हणाले, "एवढ्या लांबून आलाव. करून टाका की आता."

"खाल्ल्यावर अंगातलं मांसच ती साखर ओढून घेतंय, अप्पा. मग गाठ जिती असली तरी दिसंना व्हईल. खोटं बरं ऐकून घरी जायचंय का?"

अंबाजी टोपी सारखी करत म्हणाले, "न्हाई. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ते केवळ पाणी पिऊन आले. मी त्यांना आत घेतले. पूर्वी जिथे निखारा होता, तिथे बहुतेक अंधार होता. फक्त एका कडेला हरभऱ्याच्या घाट्याएवढा उजेड उरला होता. आदल्या दिवशी तो बहुधा माझ्या नजरेतून निसटला असता.

"थोडं राहिलंय, अप्पा," डॉक्टर सुकन्या म्हणाल्या. "पण कुठं राहिलंय ते कळलंय. तेवढ्यालाच औषध देऊ."

"सापडलं न्हवं? मग द्या," अंबाजी म्हणाले; ज्योतीने डोळे पुसले.

त्यांनी उपचार घेतला. उन्हाळ्याच्या तोंडावर ते पुन्हा माझ्यात शिरले, तेव्हा ती कडही काळोखी झाली होती. अंधार पाहून एवढे समाधान व्हावे, असे नशीब फार थोड्यांचे असते. बाहेर अंबाजींचा आवाज आला, "अंधार दिसायलाय म्हणता? मग ज्योते, पेढे आण!"

मित्रांनो, माझे भाग झिजत चालले आहेत. मला धूळ आणि उष्णता सोसवत नाही. माझी काळजी इथली माणसे घेतात. तुम्ही तुमच्या घरच्या आजारी माणसाची घ्या. डॉक्टरांनी त्याला काही सांगितले, की नुसते "समजलं का?" असे विचारून उठू नका. काय समजले, ते त्याच्याच शब्दांत एकदा ऐकून घ्या.