सरकारचा तळहात

सलूनवाल्याच्या पोरीच्या डोक्यावर जटा, म्हणजे दिव्याखाली अंधारच की! असं म्हणणारे गल्लीत पैशाला पासरी होते, आणि गळ्याभोवती कापड बांधून खुर्चीत बसणारे निवृत्त हेडमास्तर तर दर खेपेला म्हणायचे. सलूनवाला हसून कात्री चालवत राही. गिऱ्हाइकाची मान आपल्या हातात असताना भांडू नये, एवढं शहाणपण या धंद्यात आपसूक येतं.

पोर सहा वर्षांची, बोलत नसे. घरात तिला ‘सरकार’ म्हणत, कारण तिच्या मर्जीशिवाय तिथे पानही हलत नसे. कात्री दिसली की ती अशी किंचाळे, की रस्त्यावरची माणसं वळून बघत. एकदा मामाने हात धरले, आईने पाय धरले आणि बापाने केस कापले. त्या दिवशी ती ओकली, आणि संध्याकाळभर बापाकडे पाठ करून बसली. ती पाठ त्याच्या काळजात रुतली. आता जटांखालची कातडी लाल झाली होती, खाजवून फोड आले होते. केस उतरवायलाच हवेत, घरी जमत नसेल तर भूल देऊन उतरवू, असं डॉक्टर म्हणाले. भूल नको आणि तिला धरायचंही नाही, असा बापाने हट्ट धरला. मग कसं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी बायकोने बाईंना आणलं. न बोलणाऱ्या मुलांना शिकवणं हेच या बाईंचं काम. त्या आल्या आणि बाकावर नुसत्या बघत बसल्या. सलूनवाल्याने कात्री उचलली, सरकार किंचाळली, त्याने कात्री ठेवली.

"ही शिकत नाही असं कोण म्हणतं?" बाई म्हणाल्या. "चांगली पक्की शिकलीये. ओरडलं की कात्री खाली जाते. आणि शिकवलं कोणी? तुम्हीच."

सलूनवाल्याने आ वासला. ज्याला तो इतकी वर्षं खूळ समजत होता, तो सरळ हिशेब निघाला!

"तिला आवडतं काय?" बाईंनी विचारलं.

"फवारा," आई म्हणाली. केस भिजवायच्या बाटलीचा दट्ट्या दाबला की थेंब उन्हात उडत, आणि सरकार तासन् तास बघत राही.

मग बाईंची रीत सुरू झाली. कात्री लांब टेबलावर, सरकार दाराशी. तिने कात्रीकडे नुसतं पाहिलं, की फवारा. तोही त्याच क्षणी, कारण उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते मुलाला कळत नाही. ते अंगवळणी पडल्यावर कात्री हवेत कचकचवायची, मग फवारा. मग खुर्चीच्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसणं, मग कंगव्याचा नुसता स्पर्श.

"अशाने माझीच हयात जायची हो," सलूनवाला कुरकुरला.

"घाई असेल तर मामाला बोलवा," बाई म्हणाल्या. त्याने मुकाट फवारा उचलला.

जोडीला बाईंनी दुसरी गोष्ट सुरू केली. ओरडण्याऐवजी तळहात वर करायचा. आधी त्या मागून तिचा हात धरून वर करत, आणि कात्री तत्काळ खाली जाई. पुढे कोपराला नुसतं बोट लावत. एके दिवशी बोटही लावलं नाही, आणि तो चिमुकला तळहात आपणहून वर गेला. आई तोंडावर पदर धरून रडली.

"अट एकच," बाई म्हणाल्या. "हात वर झाला की थांबायचं. काहीही झालं तरी."

इथेच घोडं अडलं. सरकार फळीवर बसू लागली, कानामागची एक जट कापून झाली आणि तळहात वर झाला. पण कानापाशी एक बट वाकडी उरली होती. वाकडी बट दिसली की सलूनवाल्याची बोटं त्याला विचारत नाहीत, जित्याची खोड! कच्च.

सरकारने किंकाळी फोडली, फळीवरून उडी टाकली, आणि त्यानंतर ती दुकानाच्या पायरीवरही येईना.

"एवढीशी बट होती हो," पडलेल्या चेहऱ्याने तो बाईंना म्हणाला.

"तुमच्यासाठी बट होती. तिचा तो पहिला शब्द होता, आणि तुम्ही तो ऐकला नाहीत." मग बाईंचा आवाज निवळला. "पुन्हा दारापासून सुरू करू. मुलं विसरत नाहीत, पण पुन्हा शिकतातही."

पुन्हा दार, पुन्हा फवारा, पुन्हा तोच कंगवा. या खेपेला तो कुरकुरला नाही.

मग ती दुपार आली. हेडमास्तर बाकावर वर्तमानपत्र घेऊन आपल्या पाळीची वाट बघत होते. सरकार फळीवर होती. एक जट गळली, दुसरी गळली. तिसरी कात्रीच्या दोन पात्यांमध्ये असतानाच तळहात वर झाला.

"अहो, दाबून टाका आता," हेडमास्तर म्हणाले. "एवढ्याने काय होतंय?"

सलूनवाल्याने कात्री हलकेच सोडवून घेतली आणि तो मागे सरला. सरकार आरशातून त्याच्या हाताकडे बघत होती. तिने तळहात खाली केला, तो पुढे आला. तळहात वर केला, तो मागे गेला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. पोर त्याला तपासून बघत होती! जन्मभर त्याने लोकांच्या माना खाली वाकवल्या होत्या, पण हाताखालच्या माणसाला तो हात केवढा वाटत असेल, हे त्याला आजच दिसलं. आणि एवढ्याशा तळव्याला केवढी सत्ता, या नवलाने त्याच्या अंगावर काटा आला. हेडमास्तरांचं वर्तमानपत्र मांडीवरून घसरलं, तरी त्यांनी ते उचललं नाही.

मग सरकारने हात मागे नेला, बापाचं मनगट पकडलं, आणि कात्रीसकट ते आपल्या डोक्यावर आणून ठेवलं.

सलूनवाल्याला समोरची जट धूसर दिसू लागली. अशा डोळ्यांनी कुणाच्या केसांना कात्री लावू नये, हे तो जाणत होता. डोळ्यांतलं पाणी आवरेना, तेव्हा त्याने आरशासमोर आपला दुसरा तळहात वर केला.

"जरा थांब गं, सरकार."

आणि त्याचं मनगट तसंच धरून ती थांबली.