मष्णूची मांडी आणि माझी उंची

मित्रांनो, कुणी टेप घेऊन तुमच्याभोवती फिरायला लागलं, तर हसत उभे राहू नका. खानापूर तालुक्यातल्या एका गावात चिंचेखाली जी जुनी जीप दिसते, ती मी. यंदापर्यंत ज्यानं ज्यानं माझं माप घेतलं, त्याच्यानंतर माझा मालक बदलला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं आम्हाला इतक्या भराभर जोडत होते, की शेजारणीचा दरवाजा मला लागला असावा, अशी शंका मला आजही आहे. डावा दरवाजा कधी नीट बसलाच नाही. पहिली नोकरी जंगलखात्यात झाली. साहेब लोक माझं फार कौतुक करत. "गाडी दणकट आहे," असं म्हणत आणि चिखल आला की खाली उतरून झाडामागं उभे राहत. एक दिवस टेपवाला आला आणि लिलाव झाला. मग मी लोंढा स्टेशनावर भाड्याची माणसं भरून वडाप केली. आत बसलेली माणसं मोजता येत. मागं लटकलेली मोजायची कुणाची हिंमत नसे. पुन्हा टेपवाला आला, आणि मी साईराजच्या अंगणात आले.

साईराज बेळगावात नोकरीला जातो आणि घरी भात पिकवतो. माझ्यावर त्याची पोती असतात आणि त्याची आई मालुबाई असते. मालुबाई बसण्याआधी माझ्या सीटवर हात फिरवते. ती असं का करते, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. धूळ बघत असावी.

यंदा चैत्रात साईराज माझे फोटो काढू लागला. चारही बाजूंनी काढले. मग आडवा होऊन पोटाचेही काढले. मित्रांनो, पोटाचे फोटो कुणी कौतुकानं काढत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ मष्णू टेप घेऊन आला. मष्णू इतका उंच आहे, की दारातून आत येताना तो आधी वाकतो आणि मग चप्पल काढतो. "आईला कळता कामा न्हाय," साईराज कुजबुजला.

पण मालुबाईनं टेप बघितलीच.

"मष्णू, जीप विकालाय काय रं?"

"न्हाय काकू."

"मग टेप कशाला?"

मष्णूनं टेपकडं बघितलं. "टेप बरोबर हाय काय बघालतो."

तेव्हापासून घरात संशय घेणाऱ्या आम्ही दोघी झालो.

खरं कारण मला नंतर कळलं. मालुबाईचं माहेर ओढ्यापलीकडं आहे. तिथं गावच्या लक्ष्मीची यात्रा पुष्कळ वर्षांनी एकदा भरते. मागच्या यात्रेला नेमका वळीव कोसळला आणि कोरडा ओढा तासाभरात भरला. मालुबाई ओटीचं ताट घेऊन अलीकडच्या काठावर उभी राहिली. पलीकडं वाजप वाजत होतं. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या ओट्यावर बसली, वाजप थांबलं, आणि ती ताट घेऊन घरी आली. यंदा पुन्हा यात्रा होती. "फुडच्या यात्रेला मी असंन काय?" असं ती भाजी निवडताना सहज म्हणाली, आणि साईराजनं ठरवलं, की ओढा येवो न येवो, यंदा आईला पलीकडं न्यायचंच. म्हणून मला उंच करायचं होतं.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. मला हिंडलग्याकडं नेलं. वाटेत तुरुंगाची भिंत लागली, तेव्हा मी मनाची तयारी केली. पण गाडी पुढं गेली आणि शामू मेस्त्रीच्या गॅरेजात थांबली.

"किती उचलायची?" शामूनं विचारलं.

"वड्याला पाणी आलं की मांडीभर असतंय."

"कुणाच्या मांडीभर?"

मागच्या पावसात ओढ्यात मष्णू उतरला होता. त्याला माझ्या शेजारी उभं केलं आणि पँटवर खडूनं रेघ मारली. शामू त्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिला.

"ही मांडी धरलीस तर टायर न्हाय, होडी बसवाय लागंल."

"चार इंच तरी कर अण्णा."

"वळणावर कलंडंल. लई मोठं टायर घातलंस तर मडगार्डाला घासंल, स्टेअरिंग जड हुईल, ब्रेक उशिरा लागंल. आईला न्यायचंय न्हवं? स्प्रिंगचं पाटं बदलून दोन इंच घे, टायर एक नंबर मोठं घाल. आन् आधी आरटीओत इचारून ये. पाणी लई आलं तर गाडी घालूच नको, गप माघारी फिर."

कमी माल विकणारा मेस्त्री मी प्रथमच बघत होते. माझा त्याच्यावरचा संशय दुप्पट झाला.

शेवटी शामूचंच ऐकलं. नवे टायर आले. ते जाड आहेत आणि कुणाशी बोलत नाहीत. एवढं मात्र झालं, की दगडाला अडकेल म्हणून साईराजनं माझं पायदान काढायला लावलं.

"म्हातारी चढंल न्हवं?" शामूनं विचारलं.

मष्णूनं पाय उचलला आणि आत बसला. "आरामात," तो म्हणाला.

यात्रेच्या दिवशी आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. ओढ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. मालुबाई नवं लुगडं नेसून, ताट घेऊन आली. सीटवर हात फिरवायला गेली, तर हात पोचला नाही. तिनं पाय उचलला. गुडघा मध्येच थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला. मग तिनं पाय खाली ठेवला आणि पदर सारखा केला.

"तुमी जावा. मी हितनंच हात जोडीन."

साईराजनं उखळ पालथं घालून बघितलं, ते डुगडुगलं.

"काकू, मी उचलतो की," मष्णू म्हणाला.

"मेल्या, मी काय पोतं हाय?"

तिनं माझ्याकडं टायरापासून टपापर्यंत संशयानं बघितलं. मग विचारलं, "म्हस टेम्पोत कशी चढवतासा?"

"बांधाला लावून," मष्णू म्हणाला.

मालुबाई तोवर बांधाकडं चालू लागली होती. साईराजनं मला खालच्या वाफ्यात नेऊन बांधाला लावलं, आणि ओसरीतून घरात जावं तशी ती आत आली. आमच्या गावात हा मान आजवर म्हशींनाच होता.

कोरडा ओढा आम्ही पार केला. पोरांनी स्टंप उपटून वाट दिली. टायर मात्र असे चालले, जणू पूर आला आहे.

पलीकडं माणूसच माणूस होता. भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालं होतं. आता पंचाईत अशी, की तिथं बांध नव्हता. साईराज बाकडं शोधायला निघाला, एवढ्यात वाजप जवळ आलं आणि समोरून देवी निघाली. चालत आलेल्यांना समोरच्यांच्या टोप्या दिसत होत्या. माझ्या सीटवरून मालुबाईला सगळ्या डोक्यांवरून थेट देवीचा मुखवटा दिसला. तिनं हात जोडले.

"दिसली काय, आई?" खालून साईराजनं विचारलं.

"दिसली. तुला?"

"न्हाय."

"मग वर ये की," ती म्हणाली, आणि सरकून तिनं त्याला जागा दिली.

वाजप पुढं गेल्यावर बाकडं आलं आणि ओटीही भरली गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना काही लावा, काही काढा, आम्ही नाही म्हणणार नाही. फक्त आधी जी व्यक्ती रोज बसते, तिला चढवून बघा. पाट्यांना ग्रीस द्या, टायरात हवा बघा. आणि काढलेलं पायदान परत लावा. साईराज "फुडच्या आठवड्यात लावतो" म्हणाला आहे. मला शंका आहे. मालुबाईलाही आहे, तिनं ते पायदान उचलून आपल्या खाटेखाली ठेवलं आहे आणि टेप लपवली आहे.