बाराव्या पानावरचा शब्द

घरातून निघताना मी अजूनही "येते" म्हणते. "जाते" म्हटलेलं आईला खपायचं नाही. आमच्याकडे बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. असल्या घरात वाढलेल्या बाईने हे करावं, याची मला लाज वाटते.

मी न्यूयॉर्कच्या एका प्रकाशन संस्थेत संपादक आहे, राहते वेस्ट विंडसरला. इफेओमा ही नायजेरियाची लेखिका. अमेरिकेतल्याच ट्रॉय शहरात बहिणीकडे राहायची, कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली. तिच्या कादंबरीत एका आईचा मुलगा पहिल्याच प्रकरणात नदीत बुडतो. पण आई तसं कधीच म्हणत नाही. "तो पाणी आणायला गेलाय," एवढंच म्हणते. अडीचशे पानं. 'मेला' हा शब्द शेवटच्या पानावर, एकदाच, तिच्या तोंडून येतो. सगळं पुस्तक त्या एका शब्दासाठी लिहिलं होतं.

"प्रुफं तूच बघ, नीलांबरी," इफेओमा फोनवर म्हणाली होती. "माझ्याने आता होत नाही. तुझ्या आईची बांगडी वाढते ना? मग तुला काय समजावून सांगायचं?"

बांगडीचं मीच तिला कौतुकाने सांगितलं होतं.

छपाईच्या आदल्या दिवशी विक्री विभागाची मोना माझ्या टेबलापाशी आली.

"यार, पेज ट्वेल्व्ह टोटली कन्फ्यूझिंग आहे. मुलाचं झालं काय? रीडर्सना कळणारच नाही. क्लिअरली लिही ना, की तो मेला."

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हात टेकले. वेळ नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला मोनाच्या तोंडी लागायचा कंटाळा आला होता. बाराव्या पानावर मी तो शब्द घातला आणि इफेओमाला साधा फोनही केला नाही.

पहिली प्रत ट्रॉयला पोचली. आठवड्याभराने तिच्या बहिणीचा फोन आला.

"बाराव्या पानापर्यंत वाचलं तिने. मग पेन मागितलं आणि तो शब्द खोडला. पान फाटलं. पुढे वाचलंच नाही."

"मला तिच्याशी बोलू द्या," मी म्हटलं. "मला माफी मागायचीय. पुढच्या आवृत्तीत मी..."



"ती पाणी आणायला गेलीय," बहीण म्हणाली. "आज सकाळी."

मला काहीच विचारावं लागलं नाही.