मला जवळ ओढू नका

मी एक खोटी लहर बोलतेय. थळच्या एका घरात, ओटीवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये माझा जन्म झाला. मला शिवानीने बनवलं.

आकाशात लांब कुठेतरी दोन विझलेले जड तारे एकमेकांवर आदळले की त्यांची थरथर आपल्यापर्यंत येते. पण येईपर्यंत ती इतकी बारीक होते की यंत्राच्या खरखरीत बुडून जाते. संगणकाला ती ऐकू येते की नाही, हे कळणार कसं? म्हणून त्या खरखरीत मुद्दाम माझ्यासारखी खोटी लहर सोडतात. तारे किती जड, किती लांब, लहर कधी येणार, सगळं शिवानी भरते आणि संगणकाला काही न सांगता म्हणते, आता शोध.

शिवानी बाळंतपणाला माहेरी आलेली. सुट्टी संपली म्हणून काम इथूनच. शेजारी गोधडीवर बाळ.

आधी तिने मला खूप लांब ठेवलं. संगणक माझ्यावरून तसाच पुढे निघून गेला. मी काय करणार? मला हाक मोठी करता येत नाही. जेवढी भरली तेवढीच मी.

तिच्याबरोबर काम करणारा धनेश फोनवर हसला. "अगं, जवळ आण तिला. झोपेतसुद्धा सापडेल. आज या चाचणीचा अहवाल द्यायचाय ना?"

शिवानीने मला जवळ आणलं. मी मोठी झाले, लगेच सापडले. मला काही आनंद झाला नाही.

तेवढ्यात गावाजवळच्या कारखान्याचा भोंगा झाला. तिची आई कमळ अंगणात वाळत घातलेली सुकट उलटत होती. "बघ, एवढा भोंगा झाला तरी हूं न्हाय का चूं न्हाय. गुणी पोर हाय."

"झोपलाय म्हणून, आई," म्हणत शिवानीने वळून बघितलं. बाळ जागं होतं. मूठ चोखत आढ्याकडे बघत होतं.

तिने शेजारचं रिकामं ताट उचललं आणि गोधडीजवळ फरशीवर आपटलं. बाळ दचकून रडायला लागलं.

"अगो, येडी झालीस काय?" कमळ धावत आली. "दचकला ना? कान शाबूत हायत त्याचे."

शिवानी हसली. मग तिचं हसू हळूहळू गेलं. तिने फरशीवर हात ठेवला. हादरा फरशीतून पोराच्या पाठीला लागला असेल, आवाज कानात गेलाच असं कुठे? मला जवळ आणून माझंही तिने तेच केलं होतं. न सापडायला मला जागाच ठेवली नव्हती.

बाळ शांत झाल्यावर ती त्याच्या मागे, त्याला दिसणार नाही अशी बसली. रोजच्या आवाजात म्हणाली, "ए बाबू. ए माझ्या राजा."

बाळ आढ्याकडेच बघत राहिलं.

"ध्यान न्हाय त्याचं," कमळ म्हणाली, पण स्वतःही वाकून त्याच्याकडे बघायला लागली.

त्या वेळी मला वाटलं, ओरडावं. पण माझं ओरडणं कुणाला जाणार?

शिवानी परत लॅपटॉपशी आली. मला पुन्हा लांब, होते तिथे नेऊन ठेवलं. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला. नाही सापडले. अहवालात माझ्यापुढे तिने लिहिलं, 'सापडली नाही'. धनेशचा फोन वाजत होता, तिने घेतला नाही.

"आई, साडी बदल. अलिबागला जाऊ. बाळाचे कान तपासून घेऊ."

"आणि काय निघालं तर गो?"

"आपल्याला कळेल तरी."

दोघी बाळाला घेऊन गेल्या. मी इथे खरखरीत पडून आहे. उद्या कुणी म्हणेल, जरा जवळ घ्या हिला, अहवाल चांगला दिसेल. हात जोडते, ओढू नका मला. मी सापडले नाही, तसंच लिहिलेलं राहू द्या.

गोधडी तशीच पसरलेली आहे. ताट तिच्याशेजारी पालथं पडलंय.