पाण्यावाचूनची पेशी

अकरा वर्षं लोर्ना हॅवरकॅम्प एकाच प्रश्नाला चिकटून होती: पाण्याचा थेंबही नसताना जीव तग धरेल का? शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर तळी आहेत, पण द्रवरूप मिथेनची, उणे एकशेऐंशी अंशांची. तिथे कुणी जगत असेलच, तर त्याच्या पेशीचं आवरण आपल्यासारखं असून चालणार नाही. तसलं निराळं आवरण आपोआप तयार होतं का, हे ती न्यू मेक्सिकोतल्या प्रयोगशाळेत, द्रवरूप मिथेनने भरलेल्या एका स्टीलच्या पिंपात बघत होती. शेजारीपाजारी विचारायचे, "सापडले का परग्रहवासी?" तिला त्या प्रश्नाचा मनापासून वीट आला होता. हल्ली तर सगळ्याचाच आला होता.

गेल्या महिन्यात मात्र भिंगाखाली त्या आवरणाचेच वाटावेत असे बुडबुडे दिसले. इवलेसे, पोकळ, नऊ दिवस न फुटलेले. विभागप्रमुख मेरिलला आभाळ ठेंगणं झालं आणि त्याने शुक्रवारी अनुदान समितीला बोलावूनही टाकलं. समिती खूश झाली तर पुढची पाच वर्षं निश्चिंती, नाहीतर जूनमध्ये प्रयोगशाळेला टाळं.

लोर्नाने तेवढ्यात गुपचूप एक कोरी फेरी लावली. तेच पिंप, तीच थंडी, तेवढेच दिवस. फक्त ज्या द्रव्यापासून आवरण तयार व्हायला हवं, ते घालायचंच नाही. या क्षेत्रात कोरी फेरी झाल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. मेरिलने उघडलं होतं.

आज नववा दिवस. पिंपाची सगळी देखभाल करणारा युसेबियो बाका सकाळी भिंगाला डोळा लावून बसला, तो उठेचना.

"बोल की," लोर्ना म्हणाली. "तोंडात बरिटो कोंबलायस का?"

"ये बाई, तूच बघ."

तिने पाहिलं. बुडबुडे. तेच, तेवढेच, तसेच पोकळ.

"झाकणाचं ग्रीस," युसेबियो म्हणाला. "हिवाळ्यात झाकण गळायला लागलं, म्हणून मी जरा सढळ हाताने चोपडत होतो. तेच गारठून खाली पडतंय. अभिनंदन, ग्रीसला मूल झालं."

कुणी हसलं नाही. लोर्ना खुर्चीत बसली.

"या फेरीचं आपल्या दोघांशिवाय आणखी कुणाला माहीत आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"मग शुक्रवार जाऊ दे ना. खरं काय ते मागाहून शोधू. मला निवृत्तीपर्यंत अजून दोन वर्षं ढकलायची आहेत, लोर्ना."

तिला मोह झाला. चांगलाच झाला. "खोटं सांभाळायलाही ताकद लागते रे," ती शेवटी म्हणाली. "माझ्यात ती उरलेली नाही."

तिने मेरिलला फोन लावून सगळं सांगितलं. त्याने आधी शिव्या घातल्या, मग तो सावरला. "बरं. मग 'नाही' म्हणू. आधीच्या दहा वर्षांत काहीच तयार झालं नाही, म्हणजे ते द्रव्य कामाचं नाही. तेही उत्तरच आहे. त्यावर समिती काहीतरी देईल."

लोर्नाला एकदम हायसं वाटलं. 'नाही' तर 'नाही'. तेवढ्यावरही ती घरी जाऊन शांत झोपली असती. मग तिच्या मनात काहीतरी आलं आणि तिने फोनवर हात ठेवला.

"युसेबियो, ग्रीस कधीपासून लावतोस?"

"पहिल्या दिवसापासून. तेव्हा थोडंसंच लावायचो. का गं?"

आपण घालत असलेलं चिमूटभर द्रव्य शोषून घ्यायला थोडंसं ग्रीसही पुरेसं असतं, हे तिला ठाऊक होतं. मग दहा वर्षं ते द्रव्य मिथेनपर्यंत पोहोचलं तरी होतं का? आता ते कुणीच सांगू शकणार नव्हतं.

"मेरिल, 'नाही'सुद्धा म्हणता येणार नाही," तिने सांगितलं.

"मग अकरा वर्षांत आपल्याला कळलं तरी काय?"

लोर्नाला रडू आलं, आणि फोन चालू होता तरी तिने ते आवरलं नाही.