पुढे न वाढणारा बोर्ड

लिमातल्या विल्सन रस्त्यावरच्या संगणकांच्या गाळ्यांत शिरलेला माणूस सहसा रिकाम्या हातानं बाहेर पडत नाही. फोर्तुनातो इंगा मात्र याआधी दोनदा नुसती चौकशी करून परतला होता. आज बायको सोबत होती, म्हणून पंचाईत आणखी वाढली होती.

वर डोंगरात, वांकायोच्या खोऱ्यातल्या जत्रा, लग्नं, बारशी त्यानं उभी हयात कॅमेऱ्यात टिपली. लिमात राहायला आल्यावर फितींची खोकी पलंगाखाली गेली. आता गावाकडची माणसं फोन करत, आमच्या आईचा नाच असेल का हो तुमच्याकडे? त्या फिती संगणकात उतरवायच्या, साफसूफ करायच्या आणि ज्याच्या त्याला द्यायच्या, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं. संगणक स्वतःच जोडणार होता. कॅमेरे खोलून दुरुस्त करणाऱ्याला त्याची कसली भीती? भीती वेगळीच होती. पोटातली गाठ पसरलीय, फार तर वर्षभर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी येऊन त्यानं बायकोला, सेनोबियाला सांगितलं, "पित्त आहे."

गाळेवाली रोसाल्विना हिनं दोन खोकी पुढ्यात ठेवली.

"पैसे दोन्हीकडे सारखेच, काका. या बोर्डावर आठ कोअरचा प्रोसेसर बसतो. व्हिडिओचं काम झपाझप उरकेल. पण सॉकेट जुना, त्यात बसणारं नवं काही आता निघायचं नाही. आज घ्याल तेवढंच. हा दुसरा बोर्ड नव्या सॉकेटचा. आत्ता चार कोअरचा लावून देते, रडतखडत चालेल. पण चार-पाच वर्षांनी बोर्ड तोच ठेवून दणकट प्रोसेसर बसवता येईल."

फोर्तुनातोचा हात आपसूक पहिल्या खोक्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. सेनोबिया शेजारी उभी होती. चांगलं ते पुढच्यासाठी, हा तिचा खाक्या. लग्नातली ताटं तिनं अजून वापरायला काढली नव्हती. पुढचा विचार का नाही करत, असं तिनं विचारलं तर तो काय सांगणार होता?

"नव्या सॉकेटचाच द्या," तो म्हणाला. "पुढे वाढवता येईल."

चार कोअरच्या वेगानं काम केलं तर हाताशी असलेल्या वर्षात निम्म्या फिती पलंगाखालीच राहणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"थांब गं पोरी," सेनोबिया म्हणाली. "आठवाला दे."

"मावशी, त्यात पुढे काही बदलता येणार नाही हं. मग माझ्याशी भांडायला येऊ नका."

"नाही येत. जी ताकद आहे ती आम्हाला आजच पाहिजे."

"काय गं म्हातारे, सूर्य पश्चिमेला उगवला का?" त्यानं हसण्याचा प्रयत्न केला. ती हसली नाही. तिनं पैसे चुकते केले, बोर्डाचं आणि प्रोसेसरचं खोकं पोटाशी धरलं आणि जिना उतरू लागली.

खाली काढ्याच्या गाडीशी तिनं गरम पेला त्याच्या हातात दिला.

"मी डॉक्टरांकडे जाऊन आले," ती म्हणाली. "पित्तानं माणूस झोपेत रडत नाही."

त्याला आधी राग आला. मग एकदम हलकं वाटलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. पण तू तर थापा मारून मशीनसुद्धा चुकीचं घ्यायला निघालास."

त्यानं मान खाली घातली. आयुष्यभर जिला चिकट म्हणून चिडवलं, तिनंच आज पुढच्यासाठी काही राखून ठेवलं नव्हतं.

"एक मागते," ती म्हणाली. "फिती साफ करताना तू तुझा आवाज कापतोस ना? 'मावशी, डावीकडे सरका', 'अरे बँडवाल्या, उजेड अडवू नकोस'..."

"कापावाच लागतो. लोकांना त्यांचा नाच पाहिजे, माझी आरडाओरड नको."

"लोकांच्या फितींत काप. माझ्यासाठी मात्र एक वेगळी ठेव, सगळं न कापता. तू कायम कॅमेऱ्यामागे. एकाही फितीत दिसत नाहीस. मला बघायला काही नाही रे. निदान ऐकायला तरी पाहिजे."

पेल्यातला काढा निवत चालला होता.

"त्यात शिव्याही आहेत, सेनोबिया."

"असू देत," ती म्हणाली. "त्याही ठेव."