वय दोन वर्षं सात महिने

घरात चुगलीला एकेचाळीस शब्द होते आणि मुलीच्या तोंडात एकही नव्हता.

शब्द आईच्या टेबलावर, बुटांच्या रिकाम्या खोक्यात, चिठ्ठ्यांवर होते. गुन्हेगारांच्या बोलीचा एक कोश निघणार होता आणि त्यातला ‘साथीदाराची खबर देणे’ एवढा विभाग नीट लावून देण्याचं घरबसल्या काम तिला मिळालं होतं. बाळंतपणात नोकरी सुटलेली, डोकं गंजत चाललंय अशी धास्ती, म्हणून तिने ते अधाशासारखं घेतलं. चिठ्ठ्या पाठवायचे निवृत्त जेलरसाहेब, दर सोमवारी एका पाकिटात. चिठ्ठीवर शब्द, अर्थ, उगम, वापराचं एक वाक्य आणि तळाशी सांगणाऱ्याचं फक्त लिंग आणि वय. नाव कधीच नाही, कारण चुगलीचे शब्द सांगणं हीसुद्धा चुगलीच, असं जेलरसाहेबांचं मत. वाक्य मात्र सांगणाऱ्याच्या तोंडून आलं तसंच हवं. त्यात कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे.

‘टीप देणे’, ‘खबरी’ हे कुणालाही ठाऊक असतात. पण ‘पत्रा वाजवणे’? तुरुंगाच्या छपरावर कबूतर चाललं तरी खाली सगळ्यांना कळायचं, म्हणून. ‘नळ सोडणे’? पहिलं नाव थेंब थेंब येतं आणि बाकीची धो धो, म्हणून. इतका छान उगम लिहून झाल्यावर जेलरसाहेब खाली प्रामाणिकपणे जोडत, ‘किंवा कशावरूनही.’

मुलांच्या कानावर सतत भाषा पडली पाहिजे, असं कुठल्याशा पुस्तकात वाचल्यापासून ती प्रत्येक चिठ्ठी मुलीला मोठ्याने वाचून दाखवी. जी पोर अजून ‘आई’ म्हणत नाही तिला आपण फितुरीची बाराखडी शिकवतोय, यात काहीतरी चुकतंय एवढं तिला कळत होतं. पण पोर खुर्चीत बसून, पाय हलवत, इतकं मन लावून ऐकायची की थांबवत नसे.

“बोलेल गं,” सासूबाई म्हणत. “हिचा बाप तीन वर्षं गप्प होता. मग जो सुटला तो अजून थांबलेला नाही.”

एका सोमवारच्या पाकिटात ‘पत्रा वाजवणे’ची आणखी एक चिठ्ठी निघाली. वाक्य होतं : ‘म्हातारी पडद्यामागे बिस्किटं खाते, तिला साखर आहे.’ खाली : स्त्री, २.७.

तिने जेलरसाहेबांना फोन लावला. “साहेब, हे वय काय आहे?”

“सत्तावीस असेल. टिंब पडलं असेल मध्ये. माझं पेन गळतं हो.”

तिचं समाधान झालं. मग सहज, अगदी सहजच, तिने बैठकीतला पडदा झटकला, तर मूठभर चुरा खाली पडला. सासूबाई पेपरातून मान वर न काढता म्हणाल्या, “मुंग्या फार झाल्यात या घरात.”

पुढच्या सोमवारी ‘नळ सोडणे’. वाक्य : ‘बाबा आरशात बघून साहेबाला राजीनामा देतो, मग दाढी करतो.’ संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, “नोकरी सोडायचं चाललंय का तुझ्या मनात?” त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. “कोण म्हणालं तुला?” तो बायकोकडे, मग स्वतःच्या आईकडे बघू लागला. मुलीकडे बघण्याचं कुणाला सुचलं नाही. ती ताटातले वाटाणे एका ओळीत लावत होती.

आईला मात्र रीतसर हसूही येईना, कारण तिचंही एक गुपित होतं. गेल्या महिन्यात मुलीला वाचेच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. ती दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत गेली. पण आत कुणीतरी आपल्या मुलीला एखादं मोठं नाव देईल, या भीतीने पाय उचलेना. दोघी समोरच्या बागेत बाकावर तासभर बसल्या आणि घरी येऊन तिने सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत. तेव्हापासून नवरा दर आठवड्याला विचारायचा, “आले का गं ते?” आणि ती म्हणायची, “नाही, लांबवली त्यांनी रजा.”

तिने पुन्हा फोन केला. “साहेब, ही बाई दिसते तरी कशी?”

“गोड आहे हो. गुरुवारी अकराला येते, व्हरांड्यात बसते. बुटकी आहे बिचारी, खुर्चीत बसली की पाय जमिनीला टेकत नाहीत. पण काय बोलते! नुसतं ऐकत राहावं. पुढचं पाकीट तुमच्याकडे पाठवतोच, आणि एक प्रत थेट संपादकांकडे. तुमचा ताप वाचला.”

गुरुवारी अकराला मुलगी झोपलेली असते. दार लोटून, दीड तास. तेवढ्या वेळात आई चिठ्ठ्या लावते आणि आत कधी डोकावत नाही, कारण दार करकरतं आणि पोर उठते.

सोमवारचं पाकीट नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ती सकाळपासून दाराशी उभी होती. तिसरीच चिठ्ठी. ‘आम्ही बागेत बसलो. आई रडली. डॉक्टर रजेवर नाहीत.’

संपादकांकडची प्रत, कोश, कोश विकत घेणारा नवरा हे सगळं एका दमात डोळ्यांपुढे आलं. तिने चिठ्ठीची गोळी केली आणि तोंडात टाकली. शाई कडू होती. चावता चावता वळून पाहिलं, तर मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

आई गुडघ्यांवर बसली. तोंडात कागद, डोळ्यांत पाणी. शिकल्यासवरल्या बाईला स्वतःचीच लाज वाटावी अशा आवाजात ती म्हणाली, “सोनू, हे कुणाला सांगायचं नाही हं. आईचं ऐकशील ना?”

मुलीने नीट विचार केला.

“बघू,” ती म्हणाली.

शब्द स्वच्छ होता, घरातली मोठी माणसं म्हणतात अगदी तसा. दोन वर्षं सात महिने ज्याची वाट पाहिली तो पहिला शब्द आला होता आणि तो कशावर आला हे सांगितल्याशिवाय तो कुणालाही सांगता येण्यासारखा नव्हता.

बुधवारी संध्याकाळी नवऱ्याने बूट काढता काढता नेहमीसारखं विचारलं, “काही बोलली का आज?”

“नाही,” ती म्हणाली.

मुलीने आईकडे पाहिलं. मग आपले छोटे बूट उचलले, आत नेले आणि उद्यासाठी पलंगाखाली नीट जोडून ठेवले.